'१८९० ची विंचेस्टर' आणि घाईत ठोकलेला छाप

जाहिरात मोजक्या शब्दांत होती: "विंचेस्टर हातकुऱ्हाड, १८९० च्या सुमाराची, मूळ दांडा, आजोबांच्या कोठारात सापडली." किंमत २४० डॉलर. ओहायोत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी ती घेतली आणि आठवड्याने ती तपासणीच्या टेबलावर आली. त्या २४० डॉलरांपैकी लोखंडाचे फार तर पंचवीस. बाकीचे 'विंचेस्टर' या एका शब्दाचे, आणि तो शब्द कुऱ्हाडीवर अलीकडेच ठोकलेला होता.

जाहिरात खोटी आहे हे ओळखायला कुऱ्हाड हातात घ्यायचीही गरज नव्हती. विंचेस्टर ही कनेटिकटमधल्या न्यू हेवनची बंदुका करणारी कंपनी. पहिलं महायुद्ध संपलं, बंदुकांची मागणी आटली आणि युद्धासाठी वाढवलेले कारखाने रिकामे पडले. तेव्हा कुठे, १९१९ नंतर, ही कंपनी हातोड्या, पकडी, कुऱ्हाडी अशा सामानात उतरली. १९२२ मध्ये सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरशी हातमिळवणी, १९२९ मध्ये काडीमोड, १९३१ मध्ये दिवाळं. म्हणजे विंचेस्टरची खरी जुनी कुऱ्हाड साधारण या दहा-बारा वर्षांतलीच. १८९० ची विंचेस्टर बंदूक मिळेल, कुऱ्हाड मिळणार नाही. नाव बंदुकांमुळे मोठं आणि हत्यारं थोडीच वर्षं निघालेली, त्यामुळे संग्राहक चढा भाव देतात. खोटा छाप या नावाचा पुष्कळ सापडतो तो त्यामुळेच.

मग ही कुऱ्हाड निदान १९२५ ची तरी असेल का? त्याचं उत्तर छापात होतं.

कारखान्यातला छाप एकाच ठशाने, एका दाबात उमटायचा, आणि पातं घासून गुळगुळीत करण्याचं शेवटचं काम त्यानंतर व्हायचं. त्यामुळे खऱ्या छापाची सगळी अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची असतात आणि त्यांच्या कडेला उचकटलेला धातू नसतो. इथे इंग्रजी दहा अक्षरांची ओळ मधेच खाली झुकलेली होती. दोन 'ई' निराळ्या कोनात बसलेले, पण दोघांच्याही खालच्या रेघेचा तोच कोपरा तुटका. एकच अक्षरपंच दोनदा ठोकल्याशिवाय हे होत नाही. कापसाचा बोळा फिरवला तर अक्षरांच्या काठावर तंतू अडकत होते. थंड लोखंडावर पंच मारला की धातू बाजूला सरकून असा काठ उभा राहतो.

सर्वांत पक्का पुरावा गंजाच्या खड्ड्यांचा. छाप जुना असेल तर गंज अक्षराला खातो, अक्षराची कड खड्ड्यात विरून जाते. इथे उलटं होतं. अक्षराची रेघ खड्ड्याला कापून सरळ पुढे गेली होती, म्हणजे खड्डा आधीचा. हे पाहायला दहापट भिंग आणि एका बाजूने, जवळजवळ आडवा धरलेला टॉर्च पुरतो. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये यातलं काहीच दिसत नाही, आणि जाहिरातीतले सगळे फोटो नेमके तसेच होते.

अक्षरांच्या तळाची चमक झाकण्यासाठी त्यावर गंज चढवला होता. मीठ आणि व्हिनेगर लावून ठेवलं की एक-दोन दिवसांत नारिंगी, भुकटीसारखा गंज येतो. पांढऱ्या कपड्याने जरा दाबून पुसला की कपडा केशरी होतो. जुना गंज तपकिरी-काळा, घट्ट चिकटलेला असतो आणि सगळीकडे सारखा नसतो: दांड्यालगत आणि खिळे उपटायच्या खाचेत जास्त, हात व लाकूड घासणाऱ्या गालांवर, म्हणजे डोक्याच्या सपाट बाजूंवर, कमी. इथे खाचेतही तोच रंग, गालावरही तोच. शिवाय ठोकून ठोकून माथ्याच्या, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या, कडा भुईछत्रासारख्या बाहेर आलेल्या आणि छाप मात्र करकरीत, हे कसं जमावं?

दांड्याने तर उरलीसुरली अब्रूही घालवली. म्हणीतला कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो, इथला विक्रेत्यालाच झाला. वापरातला जुना हिकरीचा (हे एक चिवट अमेरिकन लाकूड) दांडा मुठीच्या जागी तेलकट काळसर आणि लोखंडाजवळ फिका असतो. हा टोकापासून टोकापर्यंत एकाच चॉकलेटी रंगाचा होता. नेढ्याच्या (दांडा बसवायच्या भोकाच्या) वरच्या बाजूला, जिथे पाचर ठोकलेली असते, तिथे नखाने खरवडल्यावर आतून ताजं, साईच्या रंगाचं लाकूड निघालं आणि रंगाचे ओघळ नेढ्यातल्या लोखंडावर उतरलेले दिसले. दांडा बदलणं गुन्हा नाही. वापरातल्या कुऱ्हाडीचा दांडा बदलला जातोच. 'मूळ' म्हणून पैसे घेणं हा गुन्हा. दांड्यावरून वय ठरवायला जाऊच नये.

कुऱ्हाडीच्या लोखंडी डोक्यापुरतं सांगायचं तर ते एकसंध पोलादाचं होतं. त्याहून जुन्या पद्धतीत नरम लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडलेली असते. ती ओळखण्यासाठी धारेजवळचा बोटभर भाग साबणाने धुऊन, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी वीस-तीस मिनिटं ठेवायची. सांध्याची रेघ आणि दोन्ही बाजूंचा वेगळा रंग दिसतो. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून तेल लावायचं. पण माल परत करायचा असेल तर हा प्रयोग करू नका. "तुम्हीच खराब केली" म्हणायला विक्रेत्याला निमित्त मिळतं. घासकामही नको, तारेचा ब्रशही नको.

लबाडी नसतानाही वय चुकतं, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कंपनीच्या स्थापनेचं साल कुऱ्हाडीला चिकटवणं. कॉलिन्स ही कुऱ्हाडी करणारी कंपनी १८२६ ची, पण ती १९६६ पर्यंत चालली. त्यामुळे 'कॉलिन्स, हार्टफर्ड' एवढ्यावरून १८२६ म्हणणं हास्यास्पद आहे. (कारखाना हार्टफर्डात नव्हताच, जवळच्या कॉलिन्सव्हिलला होता.) कीन कटर या ब्रँडच्या चिन्हात सिमन्सचं नाव असेल तर कुऱ्हाड साधारण १९४० च्या आधीची, शॅपली या दुसऱ्या हार्डवेअर कंपनीचं असेल तर नंतरची, कारण त्या वर्षी सिमन्सचा धंदा शॅपलीने घेतला. केली या ब्रँडच्या कुऱ्हाडीवर कंपनी म्हणून ट्रू टेंपर असेल तर ती बहुधा १९४९ नंतरची. केली कुऱ्हाडी करणाऱ्या अमेरिकन फोर्क अँड हो कंपनीने ते नाव तेव्हा घेतलं.

पेटंटचा आकडा असला तर उत्तमच. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये, वीस लाखावं १९३५ मध्ये आणि तीस लाखावं १९६१ मध्ये दिलं गेलं. पण आकडा फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतो. वर्तुळातलं 'आर' हे नोंदणीचिन्ह १९४६ च्या कायद्यातून आलं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर लेबल १९६३ च्या आधीचं नाही. लेबल आणि रंग मात्र मागाहून लावता येतात, हे धरून चाला.

पैसे देण्याआधी हे फोटो मागावेत: छापाचा आडव्या उजेडातला जवळचा फोटो, नेढं वरून आणि खालून, माथा समोरून, धार बाजूने, आणि डोकं वजनकाट्यावर किंवा मोजपट्टीशेजारी. छापावर कागद ठेवून पेन्सिल घासायला सांगा; वाकडी ओळ त्यात लगेच उघडी पडते. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पैसे कार्डाने किंवा खरेदीचं संरक्षण असलेल्या मार्गानेच द्या. 'मित्राला पैसे पाठवा' हा पर्याय सुचवला गेला तर सौदा सोडा. त्या रस्त्याने गेलेले पैसे परत मिळवणं महाकठीण.

इथे पैसे कार्डाने दिले होते. तक्रारीसोबत छापाचे चार फोटो आणि १९१९ चा मुद्दा एवढंच जोडलं. विक्रेत्याने "मी तज्ज्ञ नाही, ऐकलेलं लिहिलं" असा पवित्रा घेतला, पण रक्कम परत आली. टपालाचे अठरा डॉलर बुडाले. पंधरवड्याने तीच कुऱ्हाड पुन्हा विक्रीला दिसली, या वेळी '१९२० चं दशक' म्हणून, किंमत १९५. फोटो नवे होते, पण पहिल्या 'ई'शेजारचा खड्डा तोच.