घाटातल्या सहलीत मूल कुठे बसवावे: मांडी, मोठ्यांचा पट्टा, बूस्टर की चाइल्ड सीट?

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणी, माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात सनरूफमधून अर्धी बाहेर आलेली मुले हमखास दिसतात आणि आतून त्यांचे व्हिडिओ काढणारे आई-वडीलही दिसतात. हा प्रकार तुलनेत घेण्याच्या लायकीचाच नाही, कारण धुक्यात समोर अचानक गाडी येऊन करकचून ब्रेक लागला, तर मुलाच्या बरगड्या थेट छताच्या कडेवर आदळतात.

खरी निवड उरते ती मांडी, मोठ्यांचा पट्टा, बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक, जिच्यावर गाडीचाच पट्टा लावतात) आणि चाइल्ड सीट यांत. मांडीची बाजू मांडणारे सांगतात की घाटात गाडी हळूच चालते आणि आम्ही मुलाला घट्ट धरलेले असते. परंतु ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कठड्याला धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर 10 किलो वजनाचे मूल जागेवर रोखून धरायला सुमारे सव्वाशे किलोचा जोर लागतो, आणि तो कोणाच्याही हातांत नसतो. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेल्या मुलाला उघडणाऱ्या एअरबॅगचाही धोका असतो. एकच पट्टा स्वतःभोवती आणि मुलाभोवती मिळून लावणे तर त्याहून वाईट, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार पट्ट्यासह मुलाच्या अंगावर येतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाला नुसता मोठ्यांचा पट्टा लावला, तर खालचा भाग पोटावर चढतो, वरचा गळ्याला घासतो आणि मग मूल तो वैतागून काखेखाली सारते. अशा वयाला बूस्टर पुरतो: मूल उंच बसते, पट्टा मांड्यांच्या वरच्या हाडांवर आणि खांद्याच्या मध्यावर येतो. उंची साधारण 145 सेंटिमीटर होईपर्यंत तो वापरावा. बूस्टरला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा लागतो, आणि काही जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असल्याने ती जागा चालत नाही.

चार वर्षांखालील मुलासाठी मात्र स्वतःचे पट्टे असलेल्या चाइल्ड सीटला पर्याय नाही, आणि तान्ह्या मुलासाठी ती मागे तोंड करूनच हवी, कारण त्या वयात डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. आर129 या युरोपीय नियमात 15 महिन्यांपर्यंत तसे बसवणे सक्तीचे आहे. त्यानंतरही सीटमध्ये मावते तोवर तसेच ठेवावे. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये. आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे चाइल्ड सीट पट्ट्याशिवाय थेट अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्ये बसवलेल्या कड्या, गाडीत असतील तर चूक होण्याची शक्यता कमी. पट्ट्याने बसवायची असेल तर बसवल्यावर ती पट्ट्याजवळ धरून हलवून पाहावी, आणि दोन-अडीच सेंटिमीटरहून अधिक सरकली तर पुन्हा आवळावी.

चाइल्ड सीटची घाटातली खरी अडचण म्हणजे गाडी लागणे. मुलाला मळमळू लागले की आजी त्याला पट्ट्यातून काढून मांडीवर घेते, आणि तेही नेमके वळणांवर. त्यापेक्षा घाट सुरू होण्याआधी थांबावे, जेवण हलके ठेवावे आणि उलटी झालीच, तर मोकळी, रुंद जागा येईपर्यंत मुलाला सीटमध्येच राहू द्यावे; कपडे आणि सीटचे कव्हर नंतर धुता येतात.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी की 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 194-ब नुसार 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा आसन नसेल, तर 1000 रुपये दंड आहे. चाइल्ड सीटच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ असल्याने दंडाच्या भीतीने कोणी ती घेईल असे वाटत नाही.

‘मुलाला धबधबे दिसायला हवेत’ ही सबब मला सर्वांत कच्ची वाटते. खिडकीच्या काठाखाली डोके राहणाऱ्या मुलाला बूस्टरवर बसून बाहेरचे आधीपेक्षा चांगलेच दिसते. भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांनी पाठ नसलेला हलका बूस्टर सोबत न्यावा, आणि गाडी ठरवतानाच चालकाला विचारावे की मागच्या पट्ट्यांची बकले सीट कव्हरखाली दडपलेली तर नाहीत ना. असतील, तर ती निघण्याआधी वर काढून घ्यावीत.