पार्कचा वर्षाचा पास घ्यावा का? उन्हाळा, पावसाळा, दिवाळी सगळं काढल्यावरचं मत

मार्चमध्ये घरच्या चौघांचा वर्षाचा पास काढला होता. पुण्यापासून तास-दीड तासावरचं पार्क, ड्राय राइड्स आणि वॉटर राइड्स दोन्ही आहेत. नाव टाकत नाही, कारण हे कमीजास्त प्रमाणात सगळीकडेच चालतं आणि मला भांडण नकोय. सोसायटीच्या ग्रुपवर आणि साडूकडून सारखं "पास परवडतो का" असं विचारणं चालू असतं म्हणून एकदाच लांबलचक लिहून टाकतो.

परवडतो. हिशोब सरळ आहे, शनिवार-रविवारी दोनदा गेलात की पासची बरीचशी किंमत वसूल होते, आणि आमच्याकडे धाकटी पठ्ठी अशी की दर महिन्याला "बाबा पार्क" चालूच. सुट्टीच्या दिवसाचा रेट आणि मधल्या वाराचा रेट यात चांगलाच फरक असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी (आधी २८ होता, २०१८ च्या जानेवारीत खाली आणला). पास असला की ही रोजची कटकट नाही. पण पास म्हणजे फक्त गेटच्या आत जायची सोय हे लक्षात ठेवा. पार्किंग वेगळं, लॉकर वेगळा, वर लॉकरचं डिपॉझिट, नायलॉनचे कपडे नसतील तर ते भाड्याने. बाहेरचं खाणं चालत नाही, गेटवरच्या ताईंनी आईच्या पिशवीतला डबा उघडून पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढायला लावली, आईचा चेहरा दिवसभर तसाच होता. आत गेल्यावर एक साधा वडापाव घ्या म्हणजे कळेल खरा धंदा कुठे आहे ते. असो, हे सगळ्यांना माहितीये.

माझा खरा मुद्दा किमतीचा नाहीच. मुद्दा असाय की एकाच तिकिटात सगळं हा प्रकार आला की बंद राइडचा तोटा आपोआप आपल्या बोकांडी बसतो. जत्रेत बघा, आकाशपाळणा बंद असेल तर पाळणेवाल्याला दमडी मिळत नाही, त्यामुळे तो रात्रभर जागून बेअरिंग बदलतो पण सकाळी पाळणा फिरवतो. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी रेल्वेगाडी, १९५६ पासूनची, तिचंही तेच, गाडीत बसायचं असेल तर तिकीट काढा. अगदी डिस्नेलँडसुद्धा १९५५ ला सुरू झालं तेव्हा राइडप्रमाणे तिकीट होतं, नंतर कुपनांची पुस्तकं आली, राइडच्या दर्जाप्रमाणे ए बी सी अशी कुपनं, ती १९८२ पर्यंत चालली. मग एकरकमी प्रवेश आला, आणि तिथपासून कुठली राइड चालू कुठली बंद याने पार्कच्या त्या दिवसाच्या गल्ल्याला काही फरक पडेनासा झाला. गिऱ्हाइकाने पैसे तर आधीच मोजलेत ना.

आता आमच्या पार्कात काय होतं सांगतो. उन्हाळ्यात सगळं झकास. मे संपला की एकेक राइडपुढे निळी ताडपत्री आणि "असुविधेबद्दल क्षमस्व" असा बोर्ड, तारीख काही नाही. मोठा पेंडुलम, म्हणजे लंबकासारखी झुलणारी राइड, गणपतीत बंद होता तो दिवाळी झाली तरी बंद, विचारलं की "पार्ट यायचाय सर". कुठून यायचाय काय यायचाय कोणाला पत्ता नाही. ऑनलाइन तिकीट काढताना मात्र त्याच पेंडुलमचा फोटो सगळ्यात वर! डिस्नेच्या साइटवर कुठली राइड दुरुस्तीसाठी कधीपासून बंद ते बऱ्याचदा आधी टाकलेलं असतं, मग आपल्याकडे तिकीट खिडकीवर एक फळा लावायला काय जातं? आज अमुक चार बंद, पटलं तर या. एवढंच. मग हजार घ्या नाहीतर पंधराशे घ्या.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला पाहिजे. राइड बंद असणं म्हणजे वाईटच असं नाही. वीज कडाडायला लागली की रोलर कोस्टर थांबवलाच पाहिजे. लोक रांगेतून ओरडत असतात, पैसे दिलेत म्हणून, पण ऑपरेटर पोरगं ठाम राहिलं, मला बरं वाटलं. कोस्टर मधेच अडकून उभा राहतो तेव्हा पण बहुतेक वेळा सेफ्टीच काम करत असते. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, एका भागात एका वेळी एकच गाडी, सेन्सरला जरा शंका आली की पुढचे ब्रेक उघडतच नाहीत. ते बघून घाबरू नका.

घाबरायचं असेल तर चालू असलेल्या राइडकडे नीट बघा. कोस्टरच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो तो झिजतो, बदलावा लागतो, आणि तो वेळेवर बदलला नाही की तुमच्या मणक्याला कळतं. मेमध्ये हीच गाडी मऊसूत जायची, आता एसटीच्या शेवटच्या सीटवरून कात्रज घाट उतरल्यासारखं वाटतं. तिसऱ्या रांगेत डावीकडच्या सीटच्या खांद्यावरच्या पट्ट्याचं फोम फाटलंय, त्यावर काळी टेप गुंडाळलीय, ती टेप घामाने सुटून चिकट झालेली, माझ्या टीशर्टला लागली. लॉक व्यवस्थित बसतं, तपासणारा मुलगा दोनदा ओढून बघतो, तक्रार लॉकची नाही. पण जे दिसतं तेच एवढं गबाळं, तर जे दिसत नाही त्याचं काय, हा विचार डोक्यात येतोच. आणि दोन गाड्यांचा कोस्टर एकाच गाडीवर चालवतात, दुसरी शेडमध्ये. त्यामुळे पाऊण तासाची रांग दीड तासाची, आणि मग तिथेच काउंटरवर जास्तीचे पैसे देऊन रांग टाळायचा बँड विकत मिळतो. वा!

पाण्याच्या बाजूला जास्त बोलत नाही. स्लाइडच्या जोडावर फायबर उखडलेलं असेल तर कोपर सोलतं, मोठ्याचं सोललं, फर्स्ट एडवाल्या मॅडम चांगल्या होत्या. वेव्ह पूलमध्ये डोळे झोंबले की लोक म्हणतात क्लोरिन जास्त मारलाय, तसं नसतं, घाम आणि लघवीशी क्लोरिनचा संयोग होऊन जे तयार होतं ते झोंबतं, म्हणजे उलट पाणी ताजं करायची गरज असते. तिथे पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कली त्याचा, फळा आहे, ७.२ ते ७.८ च्या मधे आकडा हवा, तो छान ७.४ लिहिलेला. तारीख परवाची.

स्वस्त करा असं मी म्हणतच नाहीये. राजकोटच्या गेम झोनला मे २०२४ मध्ये आग लागली, २७ जण गेले, तिथे ९९ रुपयांत एंट्री चालू होती आणि फायरची एनओसीच नव्हती. देखभालीला पैसा लागतो, तो तिकिटातून जाणार, कबूल. फक्त तो देखभालीला जातोय हे दिसू दे. नवीन ड्रॅगनचा पुतळा आणि सेल्फी पॉइंट बसवायला पैसे होते, फोमला नव्हते.

तर कोणी घ्यावा: लहान मुलं असतील, मधल्या वारी सुट्टी काढता येत असेल, तर डोळे मिटून घ्या, मार्चमध्येच घ्या म्हणजे अख्खा उन्हाळा मिळतो. पासवर बंद तारखा कुठल्या ते आधी विचारा, दिवाळीच्या आठवड्यात आमचा पास चाललाच नव्हता, बारीक अक्षरात होतं. फक्त मोठ्या कोस्टरसाठी जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी पास घेऊ नये, निघायच्या आधी फोन करून चालू राइड्स विचाराव्यात आणि एक दिवसाचं तिकीट काढावं. फोन लागत नाही लवकर, सकाळी साडेदहाच्या आधी करा.