चतुचक मार्केट, बँकॉक: कॅल्क्युलेटरवरची घासाघीस

शनिवार-रविवारचं हे मार्केट म्हणजे अख्खं गावच आहे हो, १५ हजारांच्या वर स्टॉल, २७ सेक्शन, त्यामुळे ‘नंतर येऊन घेऊ’ म्हणालात की तो स्टॉल गेलाच समजा, माझा एक निळा सिरॅमिकचा बाऊल असाच राहिला, अजून जीव हळहळतो.

मो चित स्टेशनला उतरायचं आणि गर्दीमागे चालत सुटायचं. भाव करायला भाषा लागत नाही, बाई कॅल्क्युलेटरवर २०० बाट दाखवते, आपण १०० टाइप करायचे, ती हसून १८० करते. मी आपली तुळशीबागेच्या सवयीने निघून जायचं नाटक केलं तर मागून हाकच आली नाही! गुपचूप मागे फिरले. शेवटी हत्तींच्या चित्रांच्या तीन सैल पँट्स तिने ४५० ला दिल्या, एकीच्या जागी तीन घेतल्या की भाव उतरतो तिथे. ‘लोत दाय माय?’ म्हणजे कमी होईल का, एवढं हसत विचारा, आवाज चढवलात तर कॅल्क्युलेटर खाली ठेवतात. खाण्याच्या स्टॉलवर मात्र भाव करू नका, लाज जाते.

करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम भारी. दुपारी उकाडा असह्य, मी चार स्टार देईन, एक स्टार त्या बाऊलचा कापला.