सेंट अँड्र्यूजची सोडत की बेथपेजची रांग: बुकिंग नसेल तर टी टाइम कुठे मिळेल?

गोल्फ खेळणाऱ्या आपल्या मंडळींचे दोन प्लॅन हल्ली सारखे कानावर येतात. एक, युरोप ट्रिपला जोडून स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूज, आणि दुसरा, न्यू जर्सीला मुलाकडे नाहीतर भावाकडे गेलो की लाँग आयलंडवरचं बेथपेज ब्लॅक. दोन्ही पब्लिक कोर्स, मेंबरशिप नको, वशिला नको, आणि आधीचं बुकिंग नसलं तरी दोन्हीकडे टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळू शकते. पण मिळवायची रीत पार वेगळी, एकीकडे सोडत आणि एकीकडे रांग. कुठे जायचं हे नुसतं ग्रीन फी (एका फेरीचे पैसे) बघून ठरवू नका, हातात दिवस किती आहेत आणि सोबत किती जण आहेत ते आधी बघा, सगळं त्यावरच आहे.

सेंट अँड्र्यूजपासून सुरू करतो, कारण तिथली पद्धत समजून घ्यायला जरा वेळ लागतो. तिथला सगळ्यात प्रसिद्ध ओल्ड कोर्स आरअँडएच्या (गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) मालकीचा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. तो लिंक्स ट्रस्ट चालवतो, १९७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने झालेला, आणि ट्रस्टकडे असे सात पब्लिक कोर्स आहेत. टी टाइमचा एक वाटा गावातल्या लोकांचा आणि तिथल्या क्लबांचा, एक वाटा वर्षभर आधी बुक होणाऱ्यांचा (यात टूर कंपन्यांची महागडी पॅकेजेस पण आली), आणि उरलेल्यातला चांगला मोठा वाटा जातो बॅलटमध्ये, म्हणजे रोजच्या सोडतीत. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ पर्यंत नाव टाकायचं, किमान दोघं आणि जास्तीत जास्त चौघं, आणि त्याच संध्याकाळी निकाल कळतो. म्हणजे गुरुवारी खेळायचं असेल तर मंगळवारी दुपारी २ च्या आत, आणि सोमवारचं हवं असेल तर शनिवारी. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. नाव टाकायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे तिथे आहात तितके दिवस रोज टाकत राहायचं, एकदा नाही लागलं म्हणून सोडून द्यायचं नाही. हँडिकॅपचा (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) पुरावा मात्र जवळ हवा, पुण्यामुंबईच्या क्लबमधला डब्ल्यूएचएसचा (जागतिक हँडिकॅप पद्धतीचा) हँडिकॅप असेल तर तो फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा.

आता एकटे असाल तर. बॅलटला किमान दोघं लागतात, मग एकट्याने काय करायचं? पूर्वी उत्तर होतं रात्रभर रांग. ओल्ड पॅव्हिलियनच्या बाहेर लोक मध्यरात्रीपासून, कधी त्याच्याही आधीपासून, स्लीपिंग बॅग घेऊन समुद्राच्या वाऱ्यात बसायचे आणि सकाळी दोघांतिघांच्या ग्रुपमध्ये जागा रिकामी असेल तिथे कोर्सवरचे कर्मचारी एकेकाला घुसवायचे. २०२४ मध्ये ट्रस्टने ती रांग बंद केली. आता आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, संध्याकाळी डिजिटल सोडत निघते, लागलं तर दुसऱ्या दिवशी खेळायचं. काही जुने लोक यावर हळहळतात, रांगेत मैत्री व्हायची वगैरे म्हणतात, पण मला हा बदल मनापासून पटलाय. साठीच्या पुढचा माणूस, एकटी आलेली बाई, लांबचा प्रवास करून आलेला कोणीही, यांना थंडीत रात्र काढायला लावून कोणाचं काय भलं होणार होतं? आणि नोंदणी समोर जाऊन करायची अट ठेवलीय ती फार महत्त्वाची आहे, त्यावर पुढे येतो.

बेथपेजचं गणित उलटं. हे न्यूयॉर्क राज्याचं स्टेट पार्क, एका क्लबहाउसभोवती ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो असे पाच कोर्स. ब्लॅक १९३६ चा, कोर्स आखणाऱ्या टिलिंगहास्टचा. २००२ आणि २००९ ची यूएस ओपन, २०१९ ची पीजीए चँपियनशिप आणि २०२५ चा रायडर कप इथेच झाला. ऑनलाइन बुकिंग आहे, न्यूयॉर्कच्या रहिवाशांना ते एक आठवडा आधी उघडतं आणि बाहेरच्यांना त्यानंतर, म्हणजे तुमची पाळी येईपर्यंत शनिवार-रविवारच्या सकाळी साफ झालेल्या असतात. आणि न्यू जर्सीवाल्यांनो, तुम्ही इथे बाहेरचेच, लायसन्स बघतात, रहिवाशाच्या किमान दुप्पट फी धरूनच चला.

पण सकाळचे पहिले काही टी टाइम आणि नंतर दिवसभरातले थोडे, हे रांगेतल्या लोकांसाठी राखून ठेवतात. पार्किंगमध्ये नंबर घातलेल्या जागा आहेत, संध्याकाळी किंवा रात्री गाडी तिथे लावायची आणि गाडीतच झोपायचं. सीट मागे पाडून, काच दोन बोटं खाली करून, अंगावर जॅकेट, मागे ट्रंकमध्ये बॅगा, बाजूच्या गाडीतला अनोळखी माणूस सँडविच खात तुमचा हँडिकॅप विचारतोय, असं सगळं वातावरण. पहाटे अंधारातच पार्कचा माणूस येऊन क्रमाने नंबर देतो आणि त्या वेळी ग्रुपमधले सगळे हजर लागतात, एकाने झोपायचं आणि तिघांनी घरून आरामात यायचं हे चालत नाही. बरं, हे रात्रभर जागरण करून खेळायचं काय, तर चालतच खेळायचा कोर्स, कार्ट नाही, आणि पहिल्या टीजवळच पाटी, हा अत्यंत अवघड कोर्स आहे, फक्त तरबेज खेळाडूंनीच खेळावा. पाटी खरं बोलते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी जागरण आणि ब्लॅक एकत्र करू नये, एवढं आपलं माझं मत.

पहाटेचा स्लॉटच हवा असा हट्ट असेल तर दोन्हीकडची पहाट पण वेगळी आहे. सेंट अँड्र्यूज इतकं उत्तरेला की जूनमध्ये साडेचारच्या आसपास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत दिसतं, त्यामुळे तिथे सकाळसाठी अडून बसू नका, संध्याकाळी पाचचा टी टाइम मिळाला तरी सगळे अठरा होल उजेडात होतात, आणि सोडतीत वेळेची अट जितकी सैल तितकं बरं. बेथपेजला मात्र सकाळ म्हणजे खरोखर फायदा, पुढे कोणी नाही, खेळ भरभर होतो, दव असतं म्हणून बॉल कमी पळतो तेवढंच. मार्च किंवा नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर फ्रॉस्ट डिलेची तयारी ठेवा, गवतावर हिम जमलेलं असताना पाय पडला की पातं तुटतं आणि ग्रीनवर पावलांचे डाग उमटतात, त्यामुळे ते वितळेपर्यंत कोणालाच सोडत नाहीत, तुमचा नंबर पहिला असला तरी. सोमवारी ब्लॅक सहसा बंद असतो, त्यामुळे रविवारी रात्री गाडी लावायला जाऊ नका.

समोर जाऊन नोंदणीचा मुद्दा. लॉस एंजेलिसच्या म्युनिसिपल कोर्सेसवर दलाल सकाळचे टी टाइम सेकंदात उचलून मेसेजिंग ॲपवर विकतात अशी बोंब झाली, आणि २०२४ मध्ये शहराने माणशी १० डॉलरचं परत न मिळणारं डिपॉझिट लावलं. नुसतं ऑनलाइन ठेवलं की हे होतंच. ओल्ड कोर्सची एकट्यांसाठीची सोडत आणि बेथपेजची पार्किंगमधली रांग, दोन्हींमध्ये तुम्ही स्वतः तिथे उभे असावे लागता, दलालाला विकायला काही उरत नाही, म्हणून हे दोन दरवाजे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतात.

मग कोणी कुठे जावं? चार-पाच दिवस सलग हातात असतील आणि बायको-मुलं सोबत असतील तर डोळे झाकून सेंट अँड्र्यूज. नाही लागलं तरी ट्रस्टचेच न्यू कोर्स, ज्युबिली आहेत, आणि रविवारी ओल्ड कोर्सवर कोणीही फिरू शकतं, गाववाले कुत्री घेऊन येतात, घरच्यांना कोर्सवरच्या प्रसिद्ध दगडी स्विल्कन ब्रिजवर फोटो काढता येतो. फक्त एकच दिवस असेल तर तिथे सोडतीच्या भरवशावर जाऊ नका, हंगामात ग्रीन फी तीनशे पाउंडांच्या वर आहे, वर प्रवास आणि हॉटेल, आणि नंबर लागेलच याची खात्री कोणी देत नाही. एकच रात्र मोकळी, तिशी-चाळिशीतले तीन-चार मित्र, गाडी हाताशी आणि खेळ बऱ्यापैकी, तर बेथपेज, कारण लवकर पोचलात की टी टाइम जवळजवळ हातात आलाच. उशीर झाला तर रेड मागा, तोही टिलिंगहास्टच्याच नावावर आहे आणि ब्लॅक खेळलेले कित्येक जण त्याचं तोंडभर कौतुक करतात.

एकटे असाल आणि दोन्ही शक्य असतील तर मी सेंट अँड्र्यूजच सांगेन. तिथे आदल्या दिवशी नाव नोंदवून बाकीचा दिवस दुसऱ्या कोर्सवर खेळता येतं, रात्री पलंगावर झोपता येतं, आणि कोणत्या ग्रुपमध्ये जाल त्यात बहुतेक एखादा कॅडी (बॅग उचलणारा, वाटा माहीत असलेला मदतनीस) असतोच, त्याच्याकडून लाइन, म्हणजे बॉल कुठल्या दिशेला मारायचा ते, विचारून घ्या, ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा जाणाऱ्याला बरेचसे बंकर (वाळूचे खड्डे) टीवरून दिसतच नाहीत.