ट्रस्टमधून फ्लॅट परत घ्यावा, की ट्रस्टची कलमं बदलावीत?

कौटुंबिक ट्रस्ट करून काही वर्षं लोटली की घरची परिस्थिती बदलते आणि डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, आहे तिथेच राहतं. अशा वेळी बहुतेकांना सगळा ट्रस्ट मोडायचा नसतो, त्यातला एखादा भागच बदलायचा असतो. त्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे तेवढ्या मालमत्तेपुरता ट्रस्ट रद्द करून ती परत घेणं, आणि दुसरी म्हणजे मालमत्ता ट्रस्टमध्येच ठेवून सप्लिमेंटरी डीडने, म्हणजे पुरवणी दस्ताने, अटी बदलणं. मी वकिलांकडून दोन्हींचे मसुदे करून घेतले, एकापुढे एक ठेवून वाचले आणि दुसरी वाट धरली. ती प्रत्येकाला जुळेलच असं नाही, पण का धरली ते सांगतो.

आधी दोन खुलासे. हे सगळं 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्याखालच्या खासगी ट्रस्टबद्दल आहे. तुमचा ट्रस्ट सार्वजनिक किंवा धर्मादाय असेल तर हा कायदा त्याला लागूच नाही. महाराष्ट्रात तिथे 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्त येतात, आणि एकदा दान केलेलं परत घेण्याचा विषय जवळजवळ संपतो. दुसरं, ट्रस्ट मृत्युपत्राने केलेला असेल आणि मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात असेल, तर एवढा विचार करायचं कारण नाही. मृत्युपत्र तिला हवं तेव्हा बदलता येतं.

माझा ट्रस्ट साधा आहे. करणारा मी, माझ्यासोबत विश्वस्त म्हणून एक मामेभाऊ. मालमत्तेत एक फ्लॅट, काही बँकठेवी आणि म्युच्युअल फंडाची युनिट्स. लाभार्थी तिघे: आई, धाकटी बहीण आणि दिवंगत भावाचा मुलगा, जो अजून सज्ञान नाही. फ्लॅटचं भाडं आईच्या औषधपाण्यासाठी राखलेलं होतं आणि आईच्या पश्चात फ्लॅट बहीण व पुतण्या यांच्यात निम्मा-निम्मा व्हायचा होता. पुढे बहिणीलाच राहायला जागा लागली. फ्लॅट तिला द्यावा आणि पुतण्याचा वाटा ठेवींतून भरून काढावा, असं घरात ठरलं. भांडण कुणाचंच नव्हतं. प्रश्न होता तो फक्त कागदाचा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथेच दोन वाटांमध्ये एक मोठा फरक आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. 1882 च्या कायद्याच्या कलम 78 प्रमाणे हयातीत केलेला ट्रस्ट मोजक्याच परिस्थितींत रद्द होतो: सगळे लाभार्थी करार करायला सक्षम असून त्यांची संमती असेल तर, किंवा ट्रस्ट करणाऱ्याने रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे स्पष्टपणे राखून ठेवला असेल तर. तिसरी परिस्थिती स्वतःचं कर्ज फेडण्यासाठी केलेल्या ट्रस्टची, तीही धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, त्याची कल्पना दिलेली नसताना. घरगुती ट्रस्टमध्ये ती सहसा उद्भवत नाही. लाभार्थ्यांत एक जरी अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेला, असला तर संमतीचा मार्ग तिथेच खुंटतो. अटी बदलण्याचं मात्र कलम 11 मध्ये आहे. तिथेही सगळ्या सक्षम लाभार्थ्यांची संमती लागतेच, पण जो सक्षम नाही त्याच्या वतीने मुख्य दिवाणी न्यायालय संमती देऊ शकतं, असं कायदा स्वतः म्हणतो. अज्ञान मुलासाठी बदलाला न्यायालयाचं दार ठेवलंय. रद्द करण्याच्या कलमात असं दार नाही.

मला त्या दाराची गरज पडली नाही. माझ्या डीडमध्ये ‘पूर्णतः अथवा अंशतः’ रद्द करण्याचा आणि अटी बदलण्याचा, असे दोन्ही अधिकार लिहिलेले होते. ‘अंशतः’ हा शब्द तुमच्या डीडमध्ये आहे का, ते आजच पाहून घ्या. कलम 78 मध्ये तो नाही. नुसता ‘रद्द करण्याचा अधिकार’ लिहिला असेल तर एकच मालमत्ता काढून घेता येते की सगळंच मोडावं लागतं, या वादाला जागा राहते, आणि असा वाद पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये असं मला वाटतं.

म्हणजे दोन्ही वाटा मला मोकळ्या होत्या. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवर.

रद्द करण्याचा मसुदा सुटसुटीत होता. अमुक परिशिष्टातला फ्लॅट ट्रस्टमधून वगळला, विश्वस्तांनी तो मूळ मालकाच्या नावे परत करावा, बाकी ट्रस्ट आहे तसा चालू. वाचायला छान वाटतं. पण तो मसुदा हातात धरून मूळ डीड वाचायला घेतलं तेव्हा पानोपानी फ्लॅटच भेटत गेला. आईच्या औषधोपचारांच्या कलमात पैशाचा उगम म्हणून त्याचं भाडं. दुरुस्ती-देखभालीच्या कलमात त्याचा राखीव निधी. विश्वस्तांच्या अधिकारांत भाडेकरार करण्याची मुभा. शेवटच्या वाटपात त्याचा निम्मा हिस्सा. फ्लॅट बाहेर काढला तरी ही कलमं तशीच उभी राहतात, आणि ज्याच्या आधारावर ती उभी आहेत ते मात्र गेलेलं असतं. आईचा खर्च आता कशातून करायचा? पुतण्याचा निम्मा हिस्सा कशाचा निम्मा? ‘बाकी ट्रस्ट आहे तसा’ या चार शब्दांत हे सगळे प्रश्न झाकले गेले होते. वीण घातलेल्या कापडातून एक धागा ओढावा तसं ते होतं.

यावर उपाय म्हणजे फ्लॅट वगळायचा आणि शिवाय उरलेली कलमं सुधारणारा दुसरा दस्त करायचा. मग मी विचारलं, दुसरा दस्त करायचाच आहे तर पहिला कशाला? मला तरी याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

सप्लिमेंटरी डीडच्या मसुद्यात हेच काम एका बैठकीत झालं. फ्लॅटचा लाभ बहिणीला, आईचा खर्च ठेवींच्या व्याजातून, आणि व्याज कमी पडलं तर युनिट्स विकण्याची विश्वस्तांना परवानगी. पुतण्यासाठी ठेवींतला ठरावीक भाग, तो सज्ञान होईपर्यंत राखीव. प्रत्येक बदललेलं कलम पूर्ण नव्याने लिहिलेलं. ‘त्याऐवजी असे वाचावे’ छापाची ठिगळं नाहीत. आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने एकच विचारलं, ‘औषधांचं काय ठरलं?’ आणि त्याचं उत्तर त्याच पानावर होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात बरीच घोळली. रद्द करण्याच्या वाटेने गेलो असतो तर फ्लॅट आधी माझ्या नावावर आला असता आणि मग मी तो बहिणीला बक्षीसपत्राने दिला असता. मधला काळ थोडा का असेना, तेवढ्यात तो माझी खासगी मालमत्ता असतो. माझं कर्ज, माझी देणी, उद्या मलाच काही झालं तर माझी वारसाहक्काची प्रक्रिया, हे सगळं त्याला चिकटू शकतं. ट्रस्ट ज्यासाठी केला तेच संरक्षण आपण स्वतःहून काढून ठेवल्यासारखं होतं. स्थावर मालमत्ता असल्याने प्रत्येक टप्प्याला नोंदणी लागते आणि जिथे मालकी हलते तिथे मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो. मालकी विश्वस्तांकडेच ठेवून आतल्या अटी बदलल्या तर हा प्रवास टळतो. सप्लिमेंटरी डीडनेही स्थावर मालमत्तेतले हक्क बदलत असतील तर त्याचीही नोंदणी करावीच लागते. नोटरीच्या शिक्क्यावर भागत नाही.

सप्लिमेंटरी डीडचा त्रासही आहे. मूळ डीड आणि पुरवणी असा जोड कायमचा जवळ बाळगावा लागतो. बँक दोन्ही मागते, सोसायटी दोन्ही मागते, आणि समोरचा माणूस नेमकं जुनंच कलम वाचून शंका काढतो. उद्या आणखी एक बदल झाला की तिसरा कागद. मी पुरवणीलाच सगळ्या सुधारणा घातलेली एकत्रित प्रत परिशिष्ट म्हणून जोडून घेतली. त्याने बराच फरक पडला, तरी मूळ दस्त दाखवावा लागतोच.

कराच्या बाबतीत दोन्ही वाटा साधारण सारख्याच, निदान माझ्या ट्रस्टपुरत्या. मालमत्ता परत घेण्याचा अधिकार राखला की आयकर कायदा ते हस्तांतरण रद्द करण्याजोगं मानतो आणि उत्पन्न ट्रस्ट करणाऱ्याच्याच नावावर धरतो. 1961 च्या कायद्यात हे 61 ते 63 या कलमांत होतं, आणि तिथे मालमत्तेचा किंवा उत्पन्नाचा काही भाग आडमार्गाने परत घेण्याची सोयही त्यातच मोडते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएंकडून सध्याची कलमं बघून घ्यावीत. माझ्या ट्रस्टचं उत्पन्न आधीपासून माझ्याच विवरणपत्रात जातं, त्यामुळे या मुद्द्यावर माझं पारडं हललं नाही.

तरीही अंशतः रद्द करणं चुकीचं असं मी म्हणणार नाही. जी मालमत्ता बाकीच्या कलमांत गुंतलेली नाही, म्हणजे एखादी सुटी ठेव किंवा काही शेअर्स, ती काढून घ्यायला तीच वाट सरळ आहे. ट्रस्ट करणाऱ्यालाच पैशांची निकड असेल तर बदलाचा घाट घालण्यात अर्थ नाही. लाभार्थ्यांचं आपसात पटत नसेल आणि एकाचा संबंध पूर्ण तोडायचा असेल, तेव्हाही स्वच्छ काप बरा. फक्त कलम 79 लक्षात असू द्या: विश्वस्तांनी तोवर रीतसर जे केलंय ते रद्द केल्याने बाधित होत नाही. त्यांनी भाडेकरार केला असेल तर मालमत्ता परत येते ती त्या भाडेकरूसकट.

आणि बदल एकाच सज्ञान लाभार्थ्याच्या वाट्यापुरता असेल, त्यालाच तो नको असेल, तर या दोन्हींच्या आधी तिसरा विचार करून पाहा. कलम 9 प्रमाणे तो विश्वस्तांना कळवून आपला हितसंबंध नाकारू शकतो, आणि कलम 58 प्रमाणे तो दुसऱ्याला देऊही शकतो. माझ्या बाबतीत ते शक्य नव्हतं, कारण सोडायचा वाटा पुतण्याचा होता.

मसुदा कुठलाही निवडा, सहीआधी मूळ डीड आणि तो मसुदा घेऊन बसा आणि बदलणाऱ्या मालमत्तेचा उल्लेख मूळ डीडमध्ये जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणा परिशिष्टापुरत्याच राहिल्या तर रद्द करून मोकळे व्हा. त्या कलमांमध्ये पसरल्या असतील तर मी सप्लिमेंटरी डीडकडेच वळेन.