रिॲक्टमधे मुरलेल्या टीमला स्वेल्टकिट दिलं तर काय होतं

आमच्या टीममधे सगळे वर्षानुवर्षं रिॲक्ट (वेब स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) करत आलेले, त्यामुळे स्वेल्टकिटसारखं (स्वेल्ट वापरून पूर्ण वेबॲप बनवायचं) नवीन फ्रेमवर्क म्हटलं की पहिला प्रश्न "कशाला?" आणि तो विचारायलाच हवा. स्पीडचे चार्ट दाखवून या लोकांचं मत बदलत नाही, असले चार्ट त्यांनी खूप बघितलेत. मत बदललं ते एका साध्या फॉर्मने. ऑफिसमधली रजेच्या अर्जाची स्क्रीन होती, ती स्वेल्टकिटमधे केली, फॉर्म ॲक्शन (अर्ज सबमिट झाल्यावर चालणारा कोड) सर्व्हरच्या फाइलमधे, व्हॅलिडेशनही (भरलेली माहिती तपासणं) तिथेच, चुकलं तर एरर तिथूनच परत येते, प्रत्येक फील्डसाठी वेगळी स्टेट (ॲपने लक्षात ठेवलेली चालू माहिती) सांभाळत बसायची गरज नाही, जावास्क्रिप्ट बंद असलं तरी अर्ज जातो आणि वर स्वेल्टकिटचं एन्हान्स लावलं की तेच काम पेज रिलोड न होता होतं. विरोध करणाऱ्यांनी तो कोड स्वतःहून उघडून वाचला, मला पटवायला लागलंच नाही.

आता जिथे अडखळायला होतं ते सांगतो, कारण इथे नवख्यापेक्षा अनुभवी माणूसच जास्त अडकतो. ऑक्टोबर 2024 मधे स्वेल्ट 5 आलं आणि त्यात रून्स आले, म्हणजे कुठली व्हॅल्यू बदलली की काय बदलायचं हे स्वेल्टला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा. हात रिॲक्टच्या यूजइफेक्टला (काही बदललं की ठरलेला कोड चालवणारं फंक्शन) सरावलेला, म्हणून सगळे आधी इफेक्ट रून लिहितात, खरं तर बहुतेक ठिकाणी डिराइव्ह्ड (एका व्हॅल्यूवरून दुसरी आपोआप काढणारा रून) पुरतं आणि डॉक्युमेंटेशन पण तेच सांगतं. दुसरं, डिस्ट्रक्चरिंग, म्हणजे ऑब्जेक्टमधली व्हॅल्यू वेगळ्या व्हेरिएबलमधे काढून घेणं. स्टेटमधे टास्कचा ऑब्जेक्ट आहे, त्यातून डन (काम झालं की नाही) वेगळं काढून घेतलं तर ती त्या क्षणाची व्हॅल्यू राहते, नंतर टास्क बदलला तरी स्क्रीनवर काही हलत नाही, पण प्रॉप्स रूनमधून (कंपोनंटला बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यू) अगदी तसंच काढलं तर मात्र चालतं. हा फरक पहिल्याच दिवशी टीमला समोर बसून दाखवा, नाहीतर बग शोधण्यात दुपार जाते.

नेटवर जुनी उत्तरं पण खूप आहेत, डॉलर आणि कोलनवालं ($:) काही दिसलं की समजायचं हे स्वेल्ट 4 किंवा त्याआधीचं. त्यापेक्षा स्वेल्टच्या साइटवरचं ट्युटोरियल करायला लावा, ब्राउझरमधेच कोड चालवून बघता येतो, मला फार आवडलं ते.

होस्टिंगची काळजी नको, नोड ॲडॉप्टर (ॲप नोड जेएसवर चालवायची जोडणी) लावून आमच्याच सर्व्हरवर चालतंय.

कस्टमरचा मोठा डॅशबोर्ड मात्र रिॲक्टवरच ठेवलाय. त्यातल्या डेटा ग्रिडच्या (मोठे टेबल दाखवणारा कंपोनंट) तोडीचं मला स्वेल्टमधे अजून सापडलेलं नाहीये, आणि नुसतं नवीन आलंय म्हणून चालू गाडीचं इंजिन काढायचं नाही हे टीमचं म्हणणं मला मनापासून पटतं. पुढचं नवीन इंटर्नल टूल मात्र स्वेल्टकिटमधेच करायचं ठरलंय, आणि यावेळी ते टीमनेच सुचवलं.