गालिचा उलटून पाहिला, गाठोडं नाही

माझं माहेर येवल्याचं. घरात पैठणीचे दोन माग होते. वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "सुलटी बघून खूश व्हा, उलटी बघून पैसे द्या." खऱ्या पैठणीचा काठ आणि पदर मागच्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावरची उलटली की कापलेल्या धाग्यांचं रान दिसतं. हे मी सातव्या वर्षी शिकले.

आधी एवढं सांगायचं कारण असं, की उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्यात रेशमी गालिचा घेताना ६५० डॉलरना जी फसली तिला, म्हणजे मला, रेशमातलं काही कळत नव्हतं, असं कुणी समजू नये. कळत होतं. म्हणूनच तर फसली.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघं उझबेकिस्तानला गेलो: मी, हे, नणंद आणि तिचे यजमान. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, म्हणजे रेशीम मार्गावरची मुक्कामाची जुनी गावं. टूर कंपनी घेतली नाही. ई-व्हिसा वीस डॉलरला ऑनलाइन मिळाला. अफ्रासियाब नावाच्या वेगवान गाडीची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. (ती लवकर संपतात. ऐनवेळी 'मी मिळवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.) देश सुरेख आहे आणि माणसं अगत्यशील. भारतीय आहोत कळलं की म्हातारी माणसं राज कपूरचं नाव घेऊन हात हातात घेतात. मी पुढे जे लिहिते आहे ते एका दुकानाबद्दल आणि माझ्या स्वतःबद्दल आहे. त्या देशाविषयी मत बनवायला ते वापरू नका.

सुरुवात समरकंदच्या सियाब बाजारात झाली. बीबी खानुमच्या मशिदीला लागूनच हा बाजार आहे. सुका मेवा, समरकंदचे जड, चकचकीत नान आणि मसाल्यांचे ढीग. एका बाईकडे केशर होतं, पिवळ्या-तांबड्या पाकळ्यांचा डोंगरच म्हणा ना. नणंदबाईंनी पर्स उघडली. मी चिमूटभर हातात घेतलं आणि हसले. करडईची फुलं! आमच्याकडे बांधावर करडई असायची, ती काय मी ओळखणार नाही? केशर म्हणजे लालबुंद, एका टोकाला रुंद होत गेलेले तंतू. हा नुसता पाकळ्यांचा चुरा होता. त्या बाईनेही हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. "वहिनी होती म्हणून वाचले," असं नणंदबाई दोन दिवस सांगत होत्या. मला ते ऐकायला फार आवडत होतं.

बुखाऱ्याच्या स्टेशनावर एक छोटा धक्का बसला. स्टेशन गावात नाही, दहा-बारा किलोमीटर लांब कागानला आहे. म्हणतात, रेल्वे आली तेव्हा अमिराला, म्हणजे बुखाऱ्याच्या राजाला, ती सैतानाची गाडी पवित्र शहराजवळ नको होती. त्याचा फायदा आजचे टॅक्सीवाले घेतात. आमच्याशी एकाने ठरवलेला आकडा उतरताना 'माणशी' झाला. पैसे थोडेच होते, देऊन टाकले. तिथे यांडेक्स नावाचं ॲप चालतं, त्यात भाडं आधीच दिसतं. आम्ही ते त्यानंतर डाउनलोड केलं.

आता बुखारा. जुन्या शहरात रस्त्यांच्या चौकांवर विटांचे घुमट आहेत, त्यांना तोक म्हणतात. प्रत्येक घुमटाखाली एकेक धंदा: तोकी झरगरान जवाहिऱ्यांचं, तोकी तेलपाक फुरुशान टोप्या विकणाऱ्यांचं आणि तोकी सर्राफान नाणी बदलून देणाऱ्यांचं. सर्राफान, म्हणजे आपले सराफच. आमचा वाटाड्या तिथेच भेटला. पंचविशीतला पोरगा, हिंदी छान बोलणारा. अर्ध्या दिवसाचे वीस डॉलर ठरले. मला तो 'ओपा' म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण; ह्यांना 'आका', थोरला भाऊ. मुलतानचे हिंदू सावकार इथे पिढ्यान्‌पिढ्या व्याजबट्ट्याचा धंदा करायचे, हे त्यानेच सांगितलं. "तेव्हा तुमचे लोक आम्हाला लुटायचे," म्हणाला आणि खळखळून हसला. आम्हीही हसलो.

मुलगा हुशार होता. कल्यान मिनारापाशी त्याने ११२७ सालापासूनची हकिकत सांगितली, चंगेजखानाने बुखारा जाळलं पण हा मिनार कसा ठेवला तीही. लयाबी हौजाकाठच्या मदरशाची गोष्ट तर त्याने फार रंगवली. वजिराने बांधली होती सराई. खान बघायला आला आणि 'किती सुंदर मदरसा!' म्हणून गेला. खानाचा शब्द खोटा कसा पडू द्यायचा? मग सराईचा मदरसा करावा लागला. दर्शनी भागावर आजही दोन मोठे पक्षी चितारलेले आहेत, मदरशावर सहसा न दिसणारे. बाहेर एक आणि आत दुसरंच, असली इमारत मला त्याने दुपारी बारा वाजता दाखवली. अडीच वाजता दुकानात नेलं. इशारा म्हणायचा तर एवढाच मिळाला.

दुकानात तो आपणहून नेत नव्हता, हे महत्त्वाचं. वाटेत एका मोठ्या दुकानासमोर मी थबकले तर म्हणाला, "ओपा, इथे नको. सगळं चिनी, मशीनचं." पुढे म्हणाला, ज्याला जग 'बुखारा गालिचा' म्हणतं तो मुळात बुखाऱ्याचा नाहीच, तुर्कमेन टोळ्या विणायच्या, इथल्या बाजारात विकला जायचा म्हणून नाव पडलं. ही गोष्ट खरी आहे, मला आधी माहीत होती. जो माणूस स्वतःच्या गावाची फुशारकी मारत नाही त्याच्यावर विश्वास बसतोच. मग मीच विचारलं, "चांगलं दुकान कुठलं?" म्हणजे पाऊल माझंच पडलं.

मागच्या गल्लीत, लाकडी कोरीव दाराचं घर. वर पाटी नव्हती. मालक पन्नाशीचा, शांत. हिरवा चहा आला, सोबत नवोत, म्हणजे आपली खडीसाखर. त्याने कोश दाखवले, गरम पाण्यातून धागा कसा सुटतो ते दाखवलं, डाळिंबाच्या सालीचा आणि अक्रोडाच्या टरफलांचा रंग दाखवला. उझबेकिस्तान रेशीमकोशांत चीन आणि भारताच्या मागोमाग आहे, हेही सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा एक गालिचा मला आवडला. जमीन गडद डाळिंबी, काठाला पानं. मी तो उलटला. मागे एकेक गाठ स्पष्ट, नक्षी पुढच्यासारखीच, ओळी किंचित वाकड्या. झालर वरून शिवलेली नव्हती, ताण्याच्याच धाग्यांची होती. डाव्या कोपऱ्यात एका पानाचा रंग जरा उतरला होता, विणकराची लडी तिथे संपली असणार. हाताच्या कामाची हीच खूण. मालकाने स्वतःहून झालरीचा एक धागा काढून दिला. मी काडी लावली. जळक्या केसांचा वास, राख चिमटीत चुरली. अस्सल रेशीम. मी जे पाहिलं ते येवल्याच्या बाईने पाहावं तसंच.

सांगितले अकराशे डॉलर, ठरले साडेसहाशे. त्या वेळच्या भावाने साधारण ५५ हजार रुपये. कार्डाचं मशीन 'आज नेट नाही' म्हणून बंद होतं, रोख दिले.

फसवणूक पुढच्या सात मिनिटांत झाली.

पोरगा गालिचा गुंडाळून 'पॅकिंगचं टेबल आत आहे' म्हणत आत गेला. त्याच क्षणी मालकाने जमिनीवर एक भला मोठा तांबडा तुर्कमेन गालिचा अंथरला, "घ्यायचा नाही, फक्त डोळ्यांना." आम्ही चौघंही खाली वाकून बघत होतो. पोरगा परत आला तो पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं गाठोडं घेऊन. शिवणीवर लाखेचा ठिपका, त्यावर गोल शिक्का. सोबत उझबेक भाषेतला एक कागद. मालक म्हणाला, पन्नास वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई आहे, गालिचा नवा असल्याचा हा दाखला, आणि मोहोर फुटली तर दाखला रद्द. विमानतळ सुटेपर्यंत उघडू नका.

जुन्या वस्तूंवर तिथे बंधन आहे हे खरं. मी प्रवासाआधी वाचलं होतं, म्हणून तर मान डोलावली. पण कुठल्याही देशाचं कस्टम मोहोर मारायला गालिच्याच्या दुकानात बसत नाही, हे साधं गणित त्या क्षणी सुचलं नाही. बँकेत तीस वर्षं लाखेची मोहोर वापरली मी. मोहोर पाहिली की हात आपोआप आखडता होतो, त्याला कदाचित तेही कारण असेल.

पुढे सहा-सात तास किझिलकुमच्या वाळवंटातून खिव्याला गेलो. गाठोडं माझ्या मांडीवर. डिक्कीत ठेवू दिलं नाही मी! खिव्याच्या तटबंदीच्या आत रेशमी गालिचे विणणारी एक कार्यशाळा आहे, तिथे मुली समोर बसून गाठी मारतात. तशाच मापाच्या गालिच्याची किंमत विचारली तर मी दिली त्याच्या दुपटीहून जास्त. शंका तिथे यायला हवी होती. मला काय वाटलं? आपण घासाघीस काय झकास केली! ह्यांनी एकदा म्हटलंही, "टाका जरा उसवून, पुन्हा शिवू." मी दाखला दाखवून त्यांना गप्प केलं. ताश्कंदच्या विमानतळावर त्या दाखल्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बॅग स्कॅनरमधून गेली, संपलं.

पाडव्याच्या दिवशी नाशिकला घरी सगळे जमल्यावर गाठोडं उघडलं. रंग तोच, नक्षी तीच, चकाकी जरा जास्तच. जाऊबाई "अय्या!" म्हणाल्या. मी हात फिरवला आणि माझं तोंड उतरलं. उलटला. मागे ओळी पट्टीने आखल्यासारख्या, कडांना ओव्हरलॉक, झालर मशीनने शिवून जोडलेली. धागा काढून गॅसवर धरला तर कागद जळल्याचा वास. म्हणजे व्हिस्कोस, कृत्रिम रेशीम. मोबाइलमधला दुकानातला फोटो काढून पाहिला. त्यात डाव्या कोपऱ्यातलं ते उतरलेल्या रंगाचं पान स्पष्ट दिसत होतं. घरातल्या गालिच्याची चारही कोपऱ्यांतली पानं एकसारखी होती. एका साच्यातली.

म्हणजे अस्सल गालिचा एकच असावा, आणि तो रोज विकला जात असावा.

मग धावाधाव. पावतीचा फोटो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला. त्यावर रेशीम नाही, हातमाग नाही, माप नाही. फक्त 'स्मृतिवस्तू, १ नग, ६५०' आणि घरगुती दिसणारी सही. कार्डाने दिले असते तर बँकेकडे वाद नेता आला असता. रोखीला कोण विचारतो? बुखाऱ्यात पर्यटन पोलीस आहेत, हौजाच्या आसपास आम्ही रोज पाहिले होते. त्यांच्याकडे त्याच दिवशी, वस्तू हातात घेऊन गेलं तर काहीतरी होण्यासारखं होतं. नाशिकहून काय होणार? दुकानाच्या कार्डावरचा नंबर लागतच नव्हता.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा आणि गालिचाही घ्या, तिथे प्रामाणिक विणकर आहेतच. पण वस्तू पसंत पडली की मागच्या बाजूचा, कोपऱ्यांचा आणि एखाद्या दोषाचा जवळून फोटो काढा. दोषाचा आधी काढा. परवानगी घेऊन मागच्या कडेला पेनाने बारीक खूण करा. खरा विकणारा त्याला हरकत घेणार नाही. पावतीवर 'हाताने विणलेला, नैसर्गिक रेशीम, अमुक माप' लिहून घ्या. आणि वस्तू डोळ्यांआड जाऊ देऊ नका. आत जायचं असेल तर आपणही आत जायचं, चहा थंड झाला तरी चालेल. मोहोरबंद करून दिली तर हॉटेलात जाऊन त्याच रात्री उसवा. तुम्ही त्या गावात आहात तोवरच भांडता येतं.

सुझानी, म्हणजे तिथलं भरतकाम, यातही अशीच गोम असल्याचं नंतर ऐकलं: वर हाताने भरलेला तुकडा, गठ्ठ्यात खाली मशीनचे. मी सुझानी घेतली नाही, त्यामुळे स्वतः पाहिलेलं नाही.

वाटाड्या पोराचा नंबर मात्र माझ्याकडे होता. व्हॉट्सॲपवर दोन्ही फोटो पाठवले, लांबलचक लिहिलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर चार दिवसांनी. "ओपा, बहुत दुख हुआ. वो दुकान मेरी नहीं है." खाली आणखी एक ओळ होती.

"अगली बार आओ तो अच्छी दुकान दिखाऊँगा."